कागद येईल तेव्हा येईल

पन्हाळा,
१२ जुलै

चि. मेघा,


तुझ्या दुसरीच्या वर्गातल्या पोरीबद्दल वाचलं. हाक मारली की वळून बघते, म्हणून मुख्याध्यापक म्हणतात ऐकू येतं, नुसतं लक्ष नसतं. हाकेला वळली म्हणून कान चांगले, असं होत नाही गं. बऱ्याच मुलांना आ, ओ ऐकू येतात. स, श, फ निसटतात. नाव कळतं, वाक्य कळत नाही. तू फळ्याकडे वळलीस की ती शेजारणीच्या वहीत डोकावते ना? तुझे ओठ दिसेनासे झाले की ती दुसरं काय करणार! तिला कॉपी करते म्हणून ओरडू नकोस.

आधी कानाचे डॉक्टर. आपल्याकडच्या पावसात सर्दी हटत नाही, पडद्यामागे पाणी साठतं, कान वाहतो. असं बहिरेपण उपचारानं जाऊ शकतं. तिच्या आईला सांग, कानात गरम तेल घालायचं नाही. मग सीपीआर रुग्णालयात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. पोर नीट सांगू शकली नाही, तर बेरा तपासणी.

दोष कायमचा निघाला, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा अर्ज भरायला बापाला मदत कर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचा दोष ७० डेसिबलचा असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर ऐकण्यास कमी. ४० टक्के दिव्यांगत्व भरलं की ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. टक्के काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन असतं, त्यामुळे एक कान पार गेलेलं मूलही चाळीसच्या खूप खाली राहतं. ५० डेसिबलवालं तर व्याख्येतच बसत नाही, आणि मागच्या बाकावर त्याला तुझं साधं बोलणं धड पोहोचत नाही. ही रेघ मला कधीच पटली नाही. रेघ कुठेतरी ओढावी लागते, हे मान्य. पण ती सवलतीची आहे, शिकवण्याची नव्हे.

म्हणून कागदाची वाट बघत बसू नकोस. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना याच आठवड्यात कळव. पोरीला पुढे बसव, खिडकीकडे पाठ करून, म्हणजे उजेड तुझ्या तोंडावर पडेल. लिहिताना बोलू नकोस. आधी लिही, मग वळून बोल. सांगितलेलं तिच्याकडून वदवून घे. ‘कळलं का?’ विचारलंस तर ती मान हलवणारच, सगळी हलवतात.

तुझ्या वर्गावर पत्रा आहे. मुसळधार सुरू झाला की चांगल्या कानाच्या पोरांनाही काही कळत नाही, आणि श्रवणयंत्र तर पत्र्याचा आवाजही मोठा करून कानात ओततं. उद्या यंत्र मिळालं आणि पावसात तिनं ते काढून ठेवलं, तर हट्टी म्हणू नकोस. तेवढा वेळ चित्रं, वाचन, लेखन घे. इथल्या दमट हवेत यंत्र लवकर बिघडतं. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला आईला शिकव.

तपासणीत दोष फार मोठा निघाला आणि तिच्याजवळ अजून भाषाच नसेल, तर मात्र ‘माझ्याच वर्गात ठेवते’ असा हट्ट धरू नकोस. कर्णबधिरांच्या शाळेत खुणांची भाषा मिळाली तर मिळू दे. त्यात कमीपणा कसला? निर्णय घरचे घेतील, तू दोन्ही वाटा नीट समजावून सांग.

आणि तिचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असून अजून काहीच बोलत नाही, हे तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस! मला त्याचीच जास्त घाई वाटते. जन्मतः बहिऱ्या मुलाला केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लियर इम्प्लांट पाच वर्षांपर्यंतच मिळतं. आरोग्य पथक अंगणवाडीत येईल तेव्हा येईल. तू सोमवारी बहिणीबरोबर त्यालाही सीपीआरला न्यायला लाव.

तुझी आत्या