रिलेची चाचणी : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

११, २२ किंवा ३३ केव्हीवर वीज घेणाऱ्या कारखान्यात संरक्षक रिले वर्षानुवर्षे काहीच करताना दिसत नाही. म्हणून वार्षिक देखभालीत पहिली कात्री त्याच्याच चाचणीला लागते. फॉल्टच्या वेळी तो चालला नाही, तर ट्रान्सफॉर्मर जळतो आणि माणसाच्या जिवावर बेतते.

बिल कसे बनते?
रिलेची संख्या, त्यांचा प्रकार, टेस्ट किटसह येण्याजाण्याचा खर्च आणि १८ टक्के जीएसटी. समजा, ठेकेदाराने रिलेमागे २,००० आणि फेरीचे ५,००० रुपये सांगितले. सहा रिलेंचे १७,००० होतात, करासह २०,०६०. हे दर केवळ हिशेबापुरते; तुमच्या भागातली किमान तीन कोटेशन घ्या. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) व ब्रेकरची तपासणी त्यात धरली आहे का, हे आधीच लेखी विचारा. काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवलेत, तर शटडाऊनमुळे बुडणारे उत्पादन वाचते.

काय करून घ्यायचे?
रिलेत करंट सोडून वेळ मोजतात. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्र आणि टीएमएस (टाइम मल्टिप्लायर सेटिंग) ०.१ असेल, तर सेटिंगच्या दुप्पट करंटला रिले सुमारे १ सेकंदात, दहापटीला सुमारे ०.३ सेकंदात चालला पाहिजे. चाचणीआधी सापडलेली व चाचणीनंतर ठेवलेली, दोन्ही सेटिंग्ज अहवालात हव्यात. टेस्ट किटचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मुदतीत आहे ना, तेही पाहा.

न्यूमेरिकल रिले स्वतःची तपासणी करतो, म्हणून चाचणी टाळू नका. चुकीची सेटिंग त्याला कळत नाही.

कुठे काटकसर नको?
ट्रिपिंगच्या बॅटरीत. डीसी पुरवठा नसेल, तर रिले शाबूत असूनही ब्रेकरची ट्रिप कॉइल ओढली जाणार नाही. चार्जर आणि बॅटरी दर महिन्याला पाहा. त्याला घरच्या इलेक्ट्रिशियनचा थोडा वेळ पुरतो. रिलेचे काम मात्र परवानाधारक ठेकेदाराकडेच द्या. चालू लाइनवर सीटीची सेकंडरी उघडी राहिली, तर तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होते.

नुसता रिले चालला, म्हणजे अर्धेच काम झाले. रिलेच्या आदेशाने ब्रेकर प्रत्यक्ष ट्रिप झाल्याची नोंद अहवालात नसेल, तर बिल मंजूर करू नका.