विनोदाच्या स्पर्धेत उतरावं का?

फिशपॉन्ड वाचून गॅदरिंग गाजवणारा एक तरी पोरगा प्रत्येक हॉस्टेलात असतो. त्याला सगळे सांगतात, "अरे, तू कॉम्पिटिशनला जा!" त्याने खरंच जावं का? माझ्या मते जावं, पण नंबरासाठी नाही.

२००५ साली स्टार वनवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' झालं. पहिला आला आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा सुनील पाल, दुसरा एहसान कुरेशी आणि तिसरा राजू श्रीवास्तव. आता गंमत बघा. तिसऱ्या नंबरचा गजोधर घराघरात पोचला. नवीन प्रभाकर जिंकला नाही, पण त्याचं 'पहचान कौन' पोरांच्या तोंडी बसलं. त्याच मंचावरचे भगवंत मान २०२२ साली पंजाबचे मुख्यमंत्री झाले! राजूने १९८९च्या 'मैंने प्यार किया'त छोटं काम केलं होतं, म्हणजे नाव व्हायला त्याला सोळा वर्षं लागली. ते दार स्पर्धेनेच उघडलं, हे मान्य करायलाच हवं.

आता तोटा. स्पर्धेत वेळ मोजून मिळतो. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करायचे. पाच मिनिटांत त्यातलं वऱ्हाड स्टँडवरसुद्धा पोचलं नसतं! असा निवांत फुलणारा विनोद स्पर्धेत मार खातो, आणि त्यात विनोदाचा काही दोष नसतो.

आपल्या घोटीचंच घ्या. मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते, पुढे घाट, मग इगतपुरी आणि मग आपण. या प्रवासावरचा जोक मेसमध्ये हमखास हशा घेतो. दादरच्या प्रेक्षकाला मात्र आधी भूगोल शिकवावा लागेल. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यातले तीस नकाशात गेले, तर दहा टक्के बजेट संपलं की! हे आपल्याला मित्रांसमोर कधीच कळत नाही, कारण मित्र जोकला कमी आणि आपल्याला जास्त हसतात. अनोळखी हॉल हे बरोबर दाखवतो.

खरा धोका यापुढेच आहे. परीक्षक हसावेत म्हणून पोरगा घोटीच सोडतो आणि दारुडा, सासू-सून, हीरोंची मिमिक्री धरतो. तेच बाकीचे वीस जणही करत असतात. मग त्याचं स्वतःचं असं उरलं काय? त्यापेक्षा कसारा ठेवावा, नकाशा एका वाक्यात बसवावा.

पुण्यात प्रिंटिंग इंजिनीअरिंगला असलेला समय रैना २०१९ मध्ये 'कॉमिकस्तान'चा दुसरा सीझन आकाश गुप्तासोबत संयुक्तपणे जिंकला. तिथे दर वेळी विनोदाचा वेगळा प्रकार करावा लागे. आपणहून असा होमवर्क कोण करतो? (आपण तर सबमिशनही आदल्या रात्री करतो.)

तेव्हा वर्षातून एक-दोन स्पर्धा पुरे. मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, पहिला हशा कितव्या सेकंदाला आला ते लिहून ठेवा, आणि तीच पाच मिनिटं पुढच्या शनिवारी मेसमध्ये पुन्हा करा. प्रवेश फी आधी विचारा, आणि परतीची शेवटची गाडी कितीची, तेसुद्धा.