अक्षर पोराचे, अनुभव आपला

पोरगे पाचवीत गेले, की घरची माणसे म्हणतात, "आता त्याची पुस्तके जड झाली. आम्ही अडाणी काय शिकवणार? गुरुजी पाहून घेतील."

हे खरे नाही. तुम्ही हा धडा वाचत आहात. एवढे वाचता येणारा माणूस घरच्या पोराला पुष्कळ मदत करू शकतो.

चौथीपर्यंत पोर वाचायला शिकते. पाचवीपासून त्याला वाचून शिकावे लागते. इतिहास, भूगोल, विज्ञान सारे वाचूनच समजते. गणितसुद्धा आधी वाचावे लागते, मग सोडवावे लागते. ज्याला वाचलेले समजत नाही, तो मागे पडतो. मग शाळा चुकवतो. मग शाळाच सुटते. मुलगी असली तर लोक म्हणतात, "तिला डोके नाही." डोके असते. वाचन कच्चे असते. ते पक्के करता येते.

समजा, काटोलकडचे एक शेतकऱ्याचे घर आहे. मुलगी सातवीत आहे. जेवणे झाली. मुलगी विज्ञानाचे पुस्तक घडाघडा वाचते आहे. माय जवळ बसली आहे.

"थांब पोरी. बाष्पीभवन म्हणजे काय गं?"

"ते मला पाठ आहे, माय."

"पाठ नको. मला समजेल असं सांग."

मुलगी पुन्हा वाचते. "उष्णतेनं पाण्याची वाफ होते."

"बरं. मग आपण उन्हात कुरडया वाळत घालतो. त्यातलं पाणी कुठं जातं?"

मुलगी विचार करते. एकदम हसते. "वाफ होऊन हवेत जातं! हेच बाष्पीभवन!"

मायला तो शब्द माहीत नव्हता. पण कुरडया माहीत होत्या. मुलीला शब्द येत होता, पण अर्थ आता कळला. अक्षर पोराजवळ असते. अनुभव तुमच्याजवळ असतो. दोन्ही एकत्र आले, की वाचन पक्के होते.

घरी काय करावे?

१. रोज पाव तास ठरवा. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. पोराजवळ बसा आणि ऐका.

२. पोर अडले, तर लगेच रागावू नका. थोडे थांबा. लांब शब्द तोडून वाचायला सांगा. मग पूर्ण वाक्य पुन्हा वाचू द्या.

३. एक परिच्छेद झाला, की पुस्तक मिटा. विचारा: कोण? कुठे? काय झाले? का झाले? पोराने आपल्या बोलीत सांगावे.

४. न समजलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. तो शब्द दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना विचारायला सांगा.

५. पोर पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, तर त्याचे डोळे तपासून घ्या. चष्मा लागला, तर लाजू नये.

पुस्तक पाठ्यपुस्तकच हवे, असे नाही. नागपूरला गेलात, तर गणेशपेठच्या बस स्थानकावर पोराकडून पाट्या वाचून घ्या. गावात वाचनालय असेल, तर पुस्तक आणा. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात.

कामाचे कागदही वाचा. फवारणीच्या औषधाबरोबर माहितीपत्रक येते. औषध पोरापासून दूर ठेवा. पत्रक मात्र पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. डब्यावर रंगीत खूण असते. लाल खूण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखाली पिवळी, मग निळी, मग हिरवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. अशा कामात वाचलेले समजणे जिवाच्या मोलाचे असते. पोरालाही कळते, की वाचन फक्त परीक्षेसाठी नाही.

यात तुमचाही फायदा आहे. आपल्या राज्यात १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे लिहायला-वाचायला शिकली. पण शिकून भागत नाही. वाचन चालू ठेवावे लागते. न वापरलेल्या विळ्याला गंज चढतो. न वापरलेले अक्षरही विसरते. म्हणून एक ओळ पोराने वाचावी, एक ओळ तुम्ही वाचावी. तुम्ही अडलात, तर पोर सांगेल. त्यात कमीपणा नाही. आईबाप शिकताना दिसले, की पोरालाही शिकावेसे वाटते.

आज रात्रीच सुरुवात करा.

सांगा पाहू
१. पाचवीनंतर वाचन कच्चे राहिले, तर काय होते?
२. मायने कुरडयांचा दाखला का दिला?
३. तुमच्या घरात आज पोराकडून कोणता कागद वाचून घेता येईल?