वन्यप्राण्यांच्या वंशाची सीमा कशी ओळखावी?

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग सर्वांच्या परिचयाचे आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे, तर उत्तरेस सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. या दोहोंच्या मध्ये पूर्णा नदीचे कपाशीचे खोरे पसरलेले असून त्यातून मुंबई-नागपूर लोहमार्ग व राष्ट्रीय महामार्ग जातात. बिबट्या व अस्वल दोन्ही जंगलांत आढळतात. मग दोन्हींकडील जनावरांचा वंश एकच मानावा, की मधल्या खोऱ्याने त्यांची ताटातूट झाली आहे? केवळ पाहून याचे उत्तर देता येत नाही.

वंशसीमा म्हणजे काय?

ज्या गावांत वळूंची देवाणघेवाण होते, तेथील गुरे कालांतराने एकमेकांसारखी होतात. ज्यांच्यात ती होत नाही, तेथील गुरांचे वळण वेगळे पडते. वन्यप्राण्यांचेही तसेच आहे. नर-मादीचे येणे-जाणे व प्रजोत्पादन जेथे खंडित होते, तेथे वंशसीमा निर्माण होते. अशा रीतीने कोंडला गेलेला लहान समूह आपसांतच प्रजनन करतो व पिढ्यांमागून पिढ्या दुर्बल होत जातो.

परीक्षणाची पद्धत

१. जनावरास न पकडता त्याची ताजी विष्ठा गोळा करतात. तिच्यावर आतड्याच्या अस्तरातील पेशी चिकटलेल्या असतात.

२. प्रयोगशाळेत त्या पेशींतून डीएनए, म्हणजे वंशगुण वाहणारे द्रव्य, वेगळे करतात. त्यातील ठराविक खुणांवरून प्रत्येक जनावर स्वतंत्रपणे ओळखता येते.

३. कोणते जनावर कोणाशी किती जुळते हे पाहून त्याची नकाशावरील अंतराशी तुलना करतात.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. अंतर वाढते तसा वंशभेदही हळूहळू वाढतो. हा सौम्य उतार होय, सीमा नव्हे. अंतर थोडे असूनही भेद एकाएकी वाढत असेल, तरच तेथे सीमा मानावी. नमुने केवळ दोन टोकांच्या जंगलांतून घेतल्यास उतारही कड्यासारखा भासतो. म्हणून मधल्या शेतशिवारातील नमुने फार मोलाचे ठरतात.

मध्य भारतातील वाघ, बिबट्या, अस्वल व रानमांजर यांचा असा तौलनिक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी वस्ती, रस्ते इत्यादींचा अडथळा वाघास सर्वाधिक, तर रानमांजरास सर्वात कमी होतो, असे त्यात आढळले. तात्पर्य, एका प्राण्याची भिंत ती दुसऱ्याची वाट असू शकते.

ज्ञानगंगेत आलेला वाघ

फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओपट्टा बसविलेला एक तरुण वाघ त्याच वर्षी जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघाला. तेलंगणाचा काही भाग व महाराष्ट्रातील अनेक जिल्हे ओलांडून, सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरच्या प्रारंभी ज्ञानगंगेत पोहोचला. दिवसा झाडोऱ्यात दडून व रात्री चालून त्याने शेते, नाले व रस्ते पार केले. वाट अद्याप पूर्ण बंद झालेली नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. तथापि ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. जनावर पोहोचले, पण वंश पोहोचला नाही. एका पिढीत बाहेरचे एखादे जनावर येऊन त्याची प्रजा वाढली, तर दोन समूहांतील भेद फारसा वाढत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणूनच वाटेत मरणाऱ्या एकेका जनावराची हानी मोठी असते.

शेतकरी व ग्रामसेवक यांचे कर्तव्य

- कुंपणात वीजप्रवाह सोडू नये. तो गुन्हा असून त्याने माणसे व गुरेही दगावतात.
- नाल्याकाठचा झाडोरा राखावा. माती धरून ठेवणारा हाच पट्टा जनावरांची वाट असतो.
- शिवारात पाऊलखुणा वा विष्ठा दिसल्यास हात लावू नये. ठिकाण व तारीख नोंदवून वनरक्षकास त्वरित कळवावे, कारण ऊन-पावसाने नमुना निरुपयोगी होतो.
- जनावर दिसल्यास घोळका करून पाठलाग करू नये. गुरे मारली गेल्यास पंचनाम्यासाठी विलंब न करता वनखात्यास कळवावे.

खोरे कोणी हलवू शकत नाही. परंतु त्या खोऱ्याची भिंत होऊ द्यावयाची की वाट, हे पुष्कळ अंशी शिवाराच्या राखणीवर अवलंबून आहे.