'बजेट' आणि 'गिलोटीन' : दोन संज्ञांचा अर्थ व वापर

'बजेट' आणि 'गिलोटीन' या दोन इंग्रजी शब्दांचे परस्परांशी काहीही नाते नाही. मात्र संसदेच्या वित्तीय कामकाजात ते एकत्र येतात आणि परीक्षार्थींची गफलत होते.

'बजेट'चे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील चामड्याची लहान पिशवी या अर्थाच्या शब्दात आहे. पिशवीचे नाव पुढे तीतील कागदपत्रांना मिळाले. आपल्याकडे 'अर्थसंकल्प' हा प्रतिशब्द रूढ असला, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ मध्ये 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' अशी संज्ञा आहे. घटनात्मक तरतुदीवरील उत्तरात तीच वापरावी.

'गिलोटीन' हे शिरच्छेदाचे यंत्र. फ्रान्समधील डॉ. गिलोटीन यांच्या नावावरून ते ओळखले जाते. १७९२ मध्ये त्याचा वापर सुरू झाला. संसदीय परिभाषेत अर्थ वेगळा आहे. अनुदानाच्या मागण्यांसाठी ठरवून दिलेल्या दिवसांपैकी अखेरच्या दिवशी, नियत वेळी, लोकसभेचे अध्यक्ष उर्वरित सर्व मागण्या चर्चेविना मतास टाकतात. यालाच गिलोटीन म्हणतात.

येथे नेहमीची चूक टाळावी. गिलोटीनमुळे मागणी फेटाळली जात नाही किंवा तिची रक्कमही घटत नाही. छाटली जाते ती चर्चा. रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव म्हणजे 'कपात सूचना'. धोरणविषयक कपातीत मागणी एक रुपयावर आणण्याची, तर प्रतीकात्मक कपातीत ती शंभर रुपयांनी घटविण्याची सूचना असते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. अनुच्छेद ११३ नुसार मागण्यांवर मतदानाचा अधिकार फक्त लोकसभेला आहे. एकत्रित निधीवर प्रभारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. २०१८ आणि २०२३ मध्ये गदारोळामुळे सर्वच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. ही मंजुरी पूर्णतः वैध होती. परंतु कोणत्या मंत्रालयाला किती रक्कम व कशासाठी, हा प्रश्न सभागृहात विचारण्याची संधी हुकली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या विभागसंलग्न स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात, ही उणीव त्यामुळे अंशतः भरून निघते. या समित्यांची संख्या २००४ मध्ये १७ वरून २४ झाली.

थोडक्यात, 'बजेट' सरकारचे इरादे सांगते, तर 'गिलोटीन' त्यांची तपासणी कोठे थांबली हे सांगते. वित्तीय उत्तरदायित्वावरील उत्तरात दोन्ही बाजू मांडाव्यात.