बोटीवर चढण्याआधीचे दोन दिवस

प्रश्न : मी ब्रिस्बेनमध्ये शिकतो. नोव्हेंबरअखेर आम्ही चौघे मित्र सॅक पाठीवर टाकून एअर्ली बीचला जाणार आहोत. दोन दिवस गावात राहून मग व्हिटसंडे बेटांची शिडाच्या बोटीतून सफर करू. तयारी काय करावी? तिथे समुद्रात पोहता येईल का?

उत्तर : उघड्या अंगाने समुद्रात अजिबात उतरू नका. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात त्या किनाऱ्याला बॉक्स जेलीफिश आणि नखाएवढी इरुकांजी जेलीफिश यांचा धोका जास्त असतो. दोघींचाही दंश जिवावर बेतू शकतो. गावात समुद्रालगत बांधलेला मोफत तलाव आहे, तिथे मनसोक्त पोहा. सफरीत मात्र अंगभर ‘स्टिंगर सूट’ घालूनच पाण्यात उतरा. दंश झालाच तर त्यावर भरपूर व्हिनेगर ओता आणि ताबडतोब मदत मागवा. ऑस्ट्रेलियाचा आपत्कालीन क्रमांक 000 आहे.

बोटीत जागा तुटपुंजी असते. त्यामुळे प्रत्येकी एक छोटी, मऊ पिशवी भरा आणि मोठी सॅक हॉस्टेलवर ठेवता येईल का, ते आधीच विचारा. बोट लागत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी निघण्यापूर्वीच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आदल्या रात्री मद्य टाळा, झोप पूर्ण करा.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचाही हंगाम आहे. म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर तो दिवस हवाच, कारण अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये.