वृद्धांचें औषध घरीं वेळेवर कसें चालवावें

औषध सांगणें हें डॉक्टराचें काम व तें घेणें हें रोग्याचें काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ह्या दोहोंच्या मध्यें आणखी एक काम आहे व तें घरच्या माणसांचें आहे. औषध दररोज, ठरल्या वेळीं व ठरल्या मापानें पोटांत जाईल, अशी व्यवस्था करणें हें तें काम होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, सधन देशांतहि दीर्घकाळच्या दुखण्यांवरील औषधें सांगितल्याप्रमाणें घेणारे रोगी सरासरीनें निम्मेच असतात. जेथें दवाखाना जवळ व पैसा हातांत आहे, तेथें ही स्थिति. तर आपल्या नाशिक जिल्ह्यांत सुरगाणा, पेठ किंवा इगतपुरी ह्यांच्या डोंगराळ भागांतील वृद्धांचें काय होत असेल, ह्याचा वाचकांनीं विचार करावा.

औषध कां चुकतें?

“म्हातारें माणूस हट्टी” असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण नीट चौकशी केली असतां कारणें निराळींच आढळतात. दृष्टि मंद झाल्यामुळें दोन पांढऱ्या गोळ्यांतील भेद कळत नाहीं. रक्तदाब वाढला तरी बहुधा कांहीं दुखत नाहीं, म्हणून “आतां बरें वाटतें, गोळी कशाला?” असें वाटतें, आणि गोळी बंद पडल्यावर एखादे दिवशीं अकस्मात् पक्षघात होतो. क्षयावरील एका औषधानें लघवी तांबूस होते. हें आधीं सांगितलें नसल्यास आजोबा घाबरून तें औषध सोडतात, आणि अर्धवट सोडलेला क्षय पुढें त्याच औषधांस दाद देत नाहीं. कित्येक आया मुलांचा खर्च वांचावा म्हणून गुपचूप अर्धीच गोळी घेतात. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत उपचार विनामूल्य केलेले आहेत, ही गोष्ट अशा माउलीस कोणीतरी समजावून सांगितली पाहिजे.

घर हेंहि औषधालय आहे

१९५६ सालीं मद्रास येथें एक महत्त्वाचा प्रयोग आरंभिला गेला. क्षयाच्या कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत ठेविलें व कांहींस त्यांच्या घरींच ठेवून तींच औषधें दिलीं. हीं घरें गरिबांचीं, दाटीचीं व अपुऱ्या अन्नाचीं होतीं. तरी १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, घरीं राहिलेले रोगी आरोग्यधामांतल्यांइतकेच बरे होऊं शकतात. ह्यावरून आपण हें शिकावें कीं, गरिबीचें घर औषधास अडथळा नाहीं. औषधाचा खंड हाच अडथळा आहे.

घरीं काय करावें?

१. घरांतील सर्व औषधें, चूर्णें व काढे ह्यांसुद्धां, एका पिशवींत घालून डॉक्टरांस दाखवावीं. पुष्कळदां एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नांवांनीं घरांत असतें व दुप्पट पोटांत जातें. गुडघ्यांसाठीं दुकानांतून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी मूत्रपिंडास अपाय करूं शकते व रक्तदाबहि वाढवूं शकते, म्हणून तीहि दाखवावी.

२. औषधाची वेळ घड्याळापेक्षां नित्याच्या कामास बांधावी: सकाळचा चहा, दुपारची भाकर, सांजवात. मात्र कोणतें औषध उपाशीं पोटीं व कोणतें जेवल्यावर, हें आधीं विचारून घ्यावें.

३. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं तीन पिशव्या शिवून एकीवर सूर्य, दुसरीवर भाकर व तिसरीवर चंद्र काढावा.

४. गोळी गिळल्यावरच भिंतीवरील दिनदर्शिकेंत खूण करावी. आधीं करूं नये.

५. औषध संपण्यापूर्वीं आठ दिवस नवें आणावें. पावसाळ्यांत ओढे भरले म्हणजे वाट बंद होते. तेव्हां साठा थोडा अधिक ठेवावा.

६. इन्शुलिन उन्हांत ठेवूं नये व गोठूंहि देऊं नये. शीतकपाट नसल्यास कुपी कोरड्या डबींत घालून ओल्या मातीच्या भांड्यांत, सावलींत ठेवावी.

७. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळीं दोन घेऊं नयेत. अशा वेळीं काय करावें, हें प्रत्येक औषधाविषयीं आधींच विचारून ठेवावें.

८. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून उपास करूं नये. घाम, कंप किंवा भ्रम दिसल्यास, शुद्धि असेल तर लागलीच साखरेचें पाणी द्यावें; शुद्धि नसल्यास तोंडांत कांहीं न घालतां दवाखान्यांत न्यावें.

कसें विचारावें?

ज्या हातांनीं आपल्याला घांस भरविला, त्या हातांत आतां गोळी ठेवतांना आवाज चढवूं नये. चारचौघांत “गोळी घेतली का?” असें दरडावणें म्हणजे खोटें उत्तर मागून घेणें होय. “आई, कालची राहिली का? घेतल्यावर कांहीं त्रास होतो का?” असें एकांतांत विचारावें, म्हणजे खरें कळेल. चक्कर येते असें म्हटल्यास तें खोटें मानूं नये. रक्तदाबाच्या औषधानें एकदम उठतांना तोल जाऊं शकतो. अंथरुणावरून सावकाश उठण्यास सांगावें व ही गोष्ट डॉक्टरांस कळवावी.

दिंडोरी व निफाडकडे द्राक्षांची काढणी चालू असतां घरांतील धडधाकट माणसें पहांटेच बाहेर पडतात, आणि पेठ-सुरगाण्याकडचीं कित्येक कुटुंबें मजुरीसाठीं तिकडे जातात. मागें राहते ती म्हातारी. अशा दिवसांत शेजारच्या एका भल्या माणसावर हें काम नांव घेऊन सोंपवावें; “कोणीतरी पाहील” ह्याचा अर्थ कोणीच पाहत नाहीं. गांवच्या आशाताईंस कळवावें. उपदेशक बंधूंनीं घरोघर भेटी देतांना ही चौकशी अवश्य करावी. परंतु औषध कमी, अधिक किंवा बंद करण्याचा सल्ला त्यांनीं देऊं नये, तें काम डॉक्टरांचें.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. आपल्या वस्तींत एकटे राहणारे व नित्य औषध घेणारे वृद्ध कोण आहेत?
२. त्यांपैकीं कोणाचें औषध येत्या आठ दिवसांत संपणार आहे, व तें कोण आणणार?
३. आपल्या घरांतील वृद्ध माणसानें औषध टाळलें, तर त्याचें कारण आपण विचारलें आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मंडळींत देण्याची गरज नाहीं. तें आज सायंकाळीं घरीं जाऊन, वृद्धांच्या जवळ बसून द्यावें.